ग्लेनिसचा नवरा गेला

समोरच्या घरातली ग्लेनिस आमच्या अंगणात आली तेव्हा तिच्या अंगात रात्रीचाच झगा होता आणि पायांत नवऱ्याचे, म्हणजे क्लाइव्हचे, बागेत घालायचे रबरी बूट. मार्च होता, सगळीकडे चिखल. मी आणि माझा नवरा दिदिए आदल्या दिवशी नणंदेकडे मुक्कामाला गेलो होतो ते नुकतेच परतत होतो. दिदिएनं गाडी अजून बंदही केली नव्हती. सासूबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"तो गेला," ग्लेनिस म्हणाली.

"कोण?" दिदिएनं विचारलं.

"क्लाइव्ह. रात्री. गेला." मग तिनं छातीवर हात दाबला. "हृदय. खलास."

"अगं काय बोलतेस?" मी गाडीतून उतरले. "कुठं आहे तो?"

"तिनं नेला." तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. "तिनं नेला त्याला. मला काही माहीत नव्हता. काही नाही."

दिदिएनं गाडी बंद केली. सासूबाईंनी दाण्यांचं भांडं भिंतीवर ठेवलं, ग्लेनिसकडं एकदा नीट बघितलं आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "अँब्युलन्सनं नेलं म्हणतेय. तिकडंच गेला असणार बिचारा." मग तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकून तिला आत घेऊन गेल्या. ग्लेनिस एवढी रडत होती की तिच्या कानावर यातलं काही पडलं असेल असं मला वाटत नाही.

परवा संध्याकाळी क्लाइव्ह आमच्या कुरणाच्या कुंपणाचे खांब ठोकत होता. दिदिए हातोडा मारायचा, तो खांब धरायचा आणि भसाड्या आवाजात गायचा. त्याचा टॉर्च अजून आमच्या ओसरीत पडला होता.

आमची मा-रुदिए म्हणजे फ्रान्समधली तीन घरांची वस्ती. एक आमचं, एक उन्हाळ्यापुरतं उघडणाऱ्या पॅरिसवाल्यांचं आणि समोरचं, जे म्हातारा द्युमा वारल्यावर कितीतरी वर्षं ओस पडलं होतं. ते या दोघांनी घेतलं. आम्ही त्यांना 'इंग्रज' म्हणायचो आणि ग्लेनिस दर वेळी सांगायची, "इंग्रज नाही. वेल्श." सासूबाई म्हणायच्या, "बरं बाई, वेल्श," आणि वळून शेजारच्या गावातल्या बाईला सांगायच्या, "आमचे इंग्रज."

क्लाइव्ह विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला. उंच, लालबुंद, बोलका. त्याची भाषा आमच्या वासरांनाही कळली नसती, पण आवाज एवढा मोठा की समोरचा मान डोलवायचाच. महिन्याभरात तो शिकारी मंडळात शिरला, गवत कापणीला पुढं, पास्तिस दारूच्या पेल्याला त्याहून पुढं. ग्लेनिस तिच्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बुटकी, गोल, लाजरी. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे.

त्यांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हाचं मला चांगलं आठवतं. सातला या म्हणाले. सासूबाईंनी मोत्यांची माळ घातली, मी चेरीचा क्लाफूती केक करून नेला. त्यांनी वाइन दिली, बशीभर बटाट्याचे वेफर्स ठेवले. आम्ही जेवणाची वाट बघत बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. दिदिएच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता. वेफर्स संपले. शेवटी सासूबाई उठल्या आणि घरी आल्यावर तशाच मोत्यांची माळ घालून त्यांनी आम्हाला आम्लेट करून घातलं. "गरीब असतील," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून ग्लेनिसला ससा दिला, सोललेला, पण डोकं नि डोळे जागच्या जागी. ग्लेनिस किंचाळून आत पळाली. 'मेला' हा शब्द सासूबाईंनी तिला त्या सशावरूनच शिकवला. "घाबरतेस काय, मेलाय तो! मे-ला!"

पण त्यानंतर त्या दोघींचं जमलं. रोज दुपारी ग्लेनिस यायची. तव्यावर भाजलेले मनुकांचे छोटे केक आणायची आणि सासूबाईंकडून एकेक शब्द शिकायची. सासूबाई तिच्या तोंडावर तिच्या चुकांना हसायच्या. माझ्या चुकांना त्या कधी हसल्या नाहीत, त्या मनात ठेवायच्या.

तर असा क्लाइव्ह गेला.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडं झाली. ब्रेडची गाडी येते ना, ती पाच वस्त्या फिरते. ती चालवणाऱ्या पोराला सासूबाईंनी दोन वाक्यं सांगितली आणि पुढचं आपोआप झालं. संध्याकाळी माणसं यायला लागली. ग्लेनिसनं खिडक्यांची दारं लावून घेतली होती, घरात कुणी गेलं की आमच्याकडं लावतातच. बायका सूप घेऊन आल्या. बटाटा भरलेली पॅटिसं आली, बदक आलं, प्रादोबाईंनी मोहरीतले दोन ससे आणले, डोकी काढलेले. पुरुष टोप्या हातात धरून दारात उभे राहिले. मेयर आले. त्यांनी ग्लेनिसचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "मादाम, तो आमच्यातलाच होता. त्याची जागा रिकामी राहील." ग्लेनिसनं त्यांच्या कोटावर डोकं टेकलं आणि हमसून रडली. मेयरांचेही डोळे भरले.

आमच्याकडं दुःखातल्या बाईसमोर 'मेला' असं कुणी म्हणत नाही. गेला म्हणतात. सोडून गेला म्हणतात. लवकर गेला, असा कसा गेला, तुझा विचार नाही केला त्यानं. सगळे हेच बोलत होते आणि ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "हो," म्हणायची. "माझा विचार नाही केला."

दफनाचं काय, म्हणून मेयरांनी विचारलं, तर सासूबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "त्यांच्यात जाळतात. तिकडं इंग्लंडात नेऊन करतील त्याचं ते. त्या पोरीला कागदपत्रांवरून आत्ता छळू नका." मेयर कशाला छळतील?

रविवारी सासूबाईंनी क्लाइव्हच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थनेचा मिसा सांगितला. फादर आन्सेल्म मूळचे टोगोचे. आमची नि आणखी चौदा गावांची चर्चं त्यांच्याकडं आहेत, त्यामुळं आमच्याकडं मिसा म्हणजे सणच. त्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शिकारी हिरव्या कोटांत आले आणि नंतर बाहेर त्यांनी हवेत बार काढले. ग्लेनिस पहिल्या रांगेत, सासूबाई आणि माझ्यामध्ये. क्लाइव्हचं नाव वाचलं गेलं तेव्हा तिनं दचकून माझ्याकडं बघितलं. मी तिचा हात दाबला. परतताना ती गाडीत म्हणाली, "तुम्ही लोक फार चांगले आहेत. माझ्या देशात असं कुणी नाही करत." मला वाटलं, खरंच, काय कोरडा देश असेल.

त्यानंतर ती सुधारली. मे महिन्यात तिनं भाजीचे वाफे केले, क्लाइव्हचे कपडे धर्मादायाला दिले. त्याचं नाव काढत नव्हती. ते मला जरा खटकलं, पण प्रत्येकाची तऱ्हा.

मग मी लिमोजला गेले. दातांसाठी. परतताना मोठ्या बाजारात शिरले, मासे घ्यावेत म्हणून. तिथं बर्फावर कालवं मांडली होती आणि त्यांच्यावर वाकून एक उंच, लालबुंद माणूस हातानं एकेक निवडत होता. गात होता. तोच भसाडा आवाज.

माझ्या हातातली टोपली सुटली. त्या आवाजानं त्यानं मागं बघितलं.

"मिरेय!"

आणि तो सरळ माझ्याकडं आला आणि त्यानं माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली. त्याचे गाल गरम होते. दाढीच्या साबणाचा वास आला. मला वाटलं, माझंच काहीतरी झालं असणार, दातांच्या इंजेक्शनचा परिणाम.

"कशी आहेस? दिदिए कसा आहे? गाई?"

"तू..." माझी जीभ वळेना, त्यात अर्धं तोंड बधिर. "तू गेलास ना?"

त्यानं मान खाली घातली. "हो. गेलो. वाईट झालं, मला कळतं ते. पण काय करू? माणसाच्या हातात नसतं."

"हातात नसतं," मी म्हणाले.

"तुम्हाला सगळ्यांना माझा राग आला असेल."

"राग? आम्ही रडलो, क्लाइव्ह. सगळं गाव रडलं."

"रडलं?" त्याचे डोळे पाणावले. "माझ्यासाठी?"

तेवढ्यात गुलाबी स्कार्फ घातलेली एक बाई लिंबं घेऊन आली आणि त्याच्या दंडात हात घालून उभी राहिली. "ही बेव्ह," तो म्हणाला आणि आणखीच लाल झाला.

मी मासे न घेताच निघाले. वाटेत दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

घरी दिदिएला सांगितलं तर त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. "डॉक्टरनं काय टोचलं तुला?"

"मी त्याला हात लावला, दिदिए! त्यानं पापी घेतली माझी!"

"मेलेल्यानं?"

"कालवं घेत होता तो!"

दिदिए खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कुंपणाचे खांब त्यानं तिरके धरले होते," आणि उठून गाईंकडं गेला. मी एकटीच रस्ता ओलांडून समोर गेले.

ग्लेनिस पीठ मळत होती. मी बसले नाही. "ग्लेनिस, मला आज क्लाइव्ह भेटला."

तिचे हात थांबले. रंग उडाला. "तिच्याबरोबर?"

म्हणजे हिला माहीत होतं! मला भयंकर संताप आला. "तुला माहीत आहे तो जिवंत आहे ते?"

"जिवंत?" ती घाबरली. "का? आजारी आहे?"

"अगं, आम्हाला वाटलं तो मेला!"

तो शब्द तिला येत होता. "मेला?" ती म्हणाली. "सशासारखा मेला?"

"सशासारखा."

तिनं पिठाचे हात तोंडावर ठेवले आणि होती तिथं फरशीवर बसली. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. मला तिच्या चेहऱ्यावर ती येताना दिसत होती.

"सूप..."

"हो."

"मेयर?"

"हो, ग्लेनिस."

"आणि ते चर्च, ते बंदूक..."

"त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून."

"अरे देवा! मला वाटला, तो परत यावा म्हणून!" पिठानं पांढरं झालेलं तोंड तिनं वर केलं. "माझ्या बहिणीला पण तिचा नवरा सोडून गेला. आमच्या गल्लीत एक बाई आला नाही. तिला बघून रस्ता ओलांडून जायचे सगळे. मला वाटला, इथं नवरा सोडून गेला की सगळा गाव येतो. सूप आणतो. मी बहिणीला फोन केला. मी म्हणाली, काय देश आहे हा, तू पण ये!"

मला हसू फुटलं. वाईट होतं ते, पण आवरलं नाही. ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. त्या दिवशी सकाळी तिनं छातीवर हात ठेवला होता तो स्वतःच्या हृदयासाठी. आणि 'ती' म्हणजे बेव्ह. बेव्ह आणि क्लाइव्ह दोर्दोन्य जिल्ह्यातल्या इंग्रजांच्या गाण्याच्या मंडळात एकत्र गायचे.

"रेमोंदला सांगायला पाहिजे," ती शेवटी म्हणाली. रेमोंद म्हणजे माझ्या सासूबाई. "आधी तिला. ती मला मारेल."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आम्ही दोघी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या शेंगा सोलत होत्या. ग्लेनिसच्या मानेवर चट्टे उठले होते. मीच बोलले, मोठ्यानं, कारण त्यांना ऐकायला कमी येतं. "आई, क्लाइव्ह मेला नाही. दुसऱ्या बाईबरोबर पळून गेलाय."

"ओरडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माहितेय मला."

त्यांचे हात शेंगा सोलतच होते.

"काय माहितेय?"

"मी बहिरी आहे, मिरेय, खुळी नाही. पहाटे खिडकीतून बघितलं मी. गाडीला ट्रेलर जोडला, त्यात मासे धरायचे गळ ठेवले, बंदूक ठेवली, तो मोठा रेडिओ ठेवला. हृदय बंद पडलेला माणूस गळ बरोबर नेत नाही."

"मग तुम्ही अँब्युलन्स म्हणालात ते? मिसा सांगितलात तुम्ही! देवाच्या घरात!"

"सांगितला. नवरा मेला की बायकोला सूप मिळतं. नवरा पळाला की तिला काय मिळतं, ते मला विचार."

"तुम्हाला काय विचारू?" मी तावातावानं बोलले आणि मग थांबले. त्यांनी शेंग खाली ठेवली होती.

"माझाही गेलाच होता," त्या म्हणाल्या.

माझे सासरे लेओनार गवंडी होते. त्या काळी आमच्याकडचे गवंडी दर वसंतात पॅरिसला कामाला जायचे, हिवाळ्यात परतायचे. दिदिए तीन वर्षांचा असताना लेओनार बांधकामाच्या परांचीवरून पडून मेले, तिकडंच त्यांना पुरलं, असं मी लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकत होते. इथल्या घराण्याच्या थडग्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

"परांचीवरून कुणी पडलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात आला नाही, म्हणून मी पॅरिसला गेले. टोपी घालून. त्याच्याबरोबरच्या गवंड्यानं पत्ता दिला होता. तळमजल्याची खिडकी होती. आत तो सूप खात होता, शर्टाच्या बाह्या वर करून. एक बाई त्याच्या पुढ्यात ब्रेड कापत होती. पोटुशी होती. मी दार वाजवलं नाही. परतीच्या गाडीत बॅगेतला काळा रुमाल काढून डोक्याला बांधला. स्टेशनवर उतरले ती विधवा होऊनच."

ग्लेनिसला त्यातलं सगळं समजलं नसेल, पण समजायचं ते समजलं. ती उठून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. सरकारी विधवा पेन्शन त्यांनी जन्मात कधी घेतली नव्हती आणि आम्ही तो त्यांचा ताठा समजत आलो होतो, हे मला त्या क्षणी आठवलं. आणि मग मी दाराकडं बघितलं.

दिदिए उभा होता. बूट काढून मोज्यांवर आत आला होता, म्हणून चाहूल लागली नव्हती. किती वेळ उभा होता देव जाणे.

"मग थडग्यात कोण आहे?" त्यानं विचारलं.

सासूबाईंचा चेहरा एकदम लहान झाला. "तुझे आजोबा. आजी."

"दरवर्षी नोव्हेंबरात मी फुलं घेऊन जातो. लहानपणापासून. त्याच्याशी बोलतो मी तिथं, आई!"

"त्यांनाही फुलं लागतातच की रे," सासूबाई म्हणाल्या.

पन्नाशीचा माणूस, चाळीस गाई सांभाळणारा. तो मोज्यांवरच बाहेर गेला आणि चिखलातून चालत वरच्या कुरणापर्यंत गेला. मी खिडकीतून बघत राहिले. संध्याकाळी आला तो जेवला, पण आईशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ब्रेड पाहिजे असेल तर मला म्हणायचा, "तिला सांग ब्रेड दे," आणि ब्रेड त्याच्या आईच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून त्याच्या हातात. असे आठवडे गेले. मी दोघांच्या मधलं टेबलच झाले होते.

सासूबाईंनी ग्लेनिसला एकदा म्हणून बघितलं, "राहू दे त्याला मेलेला. कुणाचं काय बिघडतंय? तसाही मेलाच आहे तो मेला."

ग्लेनिसनं मान हलवली. "नाही, रेमोंद. मी सूप खाल्ला. खोटा सूप नको मला."

जूनमध्ये आमच्या सगळ्या वस्त्यांचं एकत्र जेवण असतं, चर्चमागच्या चेस्टनटच्या झाडांखाली. लांबच लांब टेबलं, प्रत्येकानं आपली ताटली आणायची. त्या वर्षी शिकारी मंडळानं क्लाइव्हच्या नावानं पेताँक या लोखंडी गोळ्यांच्या खेळाचा चषक ठेवला होता. खरा पितळी चषक, नाव कोरलेला. मेयर तो उचलून काही बोलणार तेवढ्यात ग्लेनिस उभी राहिली. चट्टे मानेवरून गालांवर चढले होते.

"क्लाइव्ह मेला नाही," ती म्हणाली.

दीडशे माणसं होती. काटे-सुऱ्यांचा आवाज थांबला.

"तो गेला. एका बाईबरोबर. मी सांगितला 'गेला'. तुम्ही ऐकला 'मेला'. माझा भाषा वाईट आहे. मला माहीत नव्हता. आता माहीत झाला, म्हणून सांगते." एवढं बोलून ती बसली नाही. उभीच राहिली, जे काही येईल ते अंगावर घ्यायला.

"म्हणजे माझे ससे..." प्रादोबाई म्हणाल्या.

"तीन बार काढले आम्ही!" शिकारी मंडळाचा अध्यक्ष ओरडला. "टोप्या काढल्या!"

"आणि या चषकाचं काय करायचं?" मेयरांनी तो हातात तसाच धरला होता, तान्ह्या मुलासारखा.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी हसत होतं, बरेच जण चिडले होते. एकीनं मोठ्यानं विचारलं, "फादर, मिसाचं काय हो? वाया गेला का तो?"

फादर आन्सेल्म चीज खात होते. त्यांनी तोंड पुसलं. "वाया कसा जाईल? आधी म्हणून ठेवला. लागणारच आहे कधीतरी. शिवाय जे ऐकतो त्यावरून या गृहस्थाला लवकर सुरुवात केलेलीच बरी."

हशा पिकला. पण प्रादोबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि टेबलाच्या टोकाला बोट केलं. "थांबा. अँब्युलन्स आली होती, हे कुणी सांगितलं? ग्लेनिसनं नाही सांगितलं. रेमोंद, तू सांगितलंस! ब्रेडच्या पोराला तू म्हणालीस!"

सगळ्यांची तोंडं सासूबाईंकडं वळली. सासूबाईंनी काटा घट्ट धरला होता. मला दिसत होतं की आता त्या बोलणार, सगळंच बोलणार, इतक्या वर्षांचं, त्या गर्दीसमोर.

"आईला ऐकू येत नाही," दिदिए म्हणाला.

त्यानं उठून तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "माहितेय ना तुम्हाला? बैल म्हटलं की तिला बेल ऐकू येते. तिनं काहीतरी ऐकलं, काहीतरी सांगितलं. द्या सोडून. ब्रेड घे, आई." आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या ताटलीत ब्रेड ठेवला.

सासूबाईंनी तो खाल्ला. तुकडे करून, हळूहळू, सगळा.

सगळं काही लगेच विसरलं गेलं नाही. प्रादोबाई वर्षभर ग्लेनिसशी बोलल्या नाहीत आणि सशांचं भांडं मात्र निरोप पाठवून परत मागवून घेतलं. काही जणींनी तिला बघून रस्ता ओलांडला. पण काही जणी दुसऱ्याच दिवशी पुन्हा आल्या, या वेळी सूप न घेता, आणि तिच्या ओट्याशी बसून आपापल्या नवऱ्यांबद्दल असं काही बोलल्या की ग्लेनिसनं मला नंतर विचारलं, "मिरेय, इथं कुणाचा लग्न चांगला आहे?"

क्लाइव्ह सप्टेंबरात आला, गवत कापायचं यंत्र न्यायला. बेव्ह गाडीतच बसून राहिली. ग्लेनिसनंच यंत्र ढकलत फाटकापर्यंत आणून दिलं. दिदिएनं त्याच्याशी हात मिळवला नाही, पण मिसाची सगळी हकिकत त्याला सांगितली, एकही गोष्ट न गाळता. क्लाइव्हचं तोंड उघडंच राहिलं. तो आमच्या भिंतीवर बसला. मग हळू आवाजात विचारलं, "किती माणसं आली होती?"

"चर्च भरलं होतं," दिदिए म्हणाला.

"उभी पण होती?"

"उभी पण होती."

मला वाटतं त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं, आपण काय टाकून गेलो ते. बेव्हनं हॉर्न वाजवला तेव्हा तो उठला.

सासूबाई आता नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही. त्या असताना दिदिएनं पॅरिसला फोन करकरून शोध काढला. लेओनार कधीच वारले होते. पण एक मुलगी होती, नादेझ नावाची, परिचारिका. ती पुढच्या ऑगस्टमध्ये आली. मी दार उघडलं. दारात दिदिएच उभा होता, फक्त बाईच्या कपड्यांत. तेच कान, तेच रुंद कपाळ, तीच उभं राहायची तऱ्हा. सासूबाईंनी तिला बघितलं आणि न बोलता आपल्या खोलीत जाऊन दार लावलं.

तिला कुठं बसवावं, मला सुचेना. दिदिए तर नुसता तिच्याकडं बघत राहिला होता. ग्लेनिसनंच रस्ता ओलांडला, नादेझची बॅग उचलली आणि म्हणाली, "माझ्याकडं खोली आहे. मी वेल्श."

आठवडाभर ती तिकडं राहिली. दुपारी ग्लेनिस नेहमीसारखी केक घेऊन सासूबाईंकडं यायची आणि बसायची, नादेझचं नाव काढायची नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "ती काय खाते?"

"सगळा," ग्लेनिस म्हणाली. "भरपूर."

"सगळं. सगळा नाही, सगळं," सासूबाई म्हणाल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "रात्री एक ताट जास्त ठेव."